शिवशंकरशी अदलाबदल नाही

नांदेड
२१ जुलै २०२५

प्रिय सुदाम,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून आपल्या मोबाईलवरच्या बेसबॉल लीगच्या टपालातून लिहितो आहे. एकोणीस दिवस झाले, तुझ्या कयाधू संघाकडे कुणी बघितलेलं नाही. बॅटिंगचा क्रम जूनमधलाच आहे. तो म्हातारा रेन्स रोज संध्याकाळी सातच्या सामन्यात पिचिंग करतोय. मालकाने नाव काढल्याशिवाय संगणक कुणाला विश्रांती देत नाही, हे तुला मी काय सांगावं. त्याचा थकवा शंभरात चौऱ्याण्णव दाखवतो. अजून दोन सामने, की खांदा जाईल.

अकरा हंगामांत तू एक दिवस चुकला नाहीस, म्हणून काळजी वाटते. पण नियम तुला ठाऊक आहे. एकवीस दिवस मालकाचा पत्ता नसला की संघ मोडायचा आणि खेळाडू बाकीच्या अकरा संघांत वाटायचे. कळमनुरीचे किसनराव तुझ्या शॉर्टस्टॉपच्या खेळाडूबद्दल विचारूनही गेले. मी लीगचा प्रमुख. तुझ्यासाठी नियम वाकवला तर लोक बोलतील. बुधवारपर्यंत काय ते कळव.

शिवशंकर


तांडा, ता. सेनगाव
२२ जुलै २०२५

शिवशंकर भाऊ यांना नमस्कार.

मी संगिता, सुदाम राठोड यांची बायको. ते दोन तारखेला गेले. कावीळ झाली होती. सेनगावला दाखवलं, मग हिंगोलीला नेलं. तिथून नांदेडला न्या म्हणले. कळमनुरीच्या अलीकडंच गाडीत गेले. एकतीस वर्षांचे होते.

फोन पेटीत बंद ठेवला होता. आज चार्ज केला तर तुमचं पत्र दिसलं.

भाऊ, संघ मोडू नका. सेनगावच्या स्टँडवर त्यांची जीप भरेपर्यंत ते हाच खेळ करून राहायचे आणि जेवताना मला सगळं सांगायचे. रेन्सचा खांदा दुखला की आमच्या घरातल्याचा दुखल्यासारखं बोलायचे. मला नावं सगळी पाठ हायेत, खेळ समजत न्हाई. त्यांची एक वही हाय. मी बारावी शिकलेली हाय, अंगणवाडीत मदतनीस हाय. तुमी शिकवलं तर शिकीन.

आज मी रेन्सचं नाव काढून दुसऱ्या पिचरचं टाकलं. बराबर केलं का?

संगिता


नांदेड
२३ जुलै २०२५

संगितावहिनी,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि उठून बाहेर आलो. इतक्या दिवसांत मला कळलंही नाही.  सुदामसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. शाळेत असताना जिल्ह्याच्या संघात आम्ही दोघेही पिचर होतो, हे त्याने सांगितलं असेल.

संघ मोडत नाही. हंगाम सप्टेंबरअखेर संपेल, तोवर तुम्ही चालवा. बाकीच्यांना मी सांगतो.

ही लीग तीन वर्षांपूर्वी मी काढली. मालक बारा, सगळे मराठवाड्यातले आणि शाळेत बेसबॉल खेळलेले. खेळाडू मात्र संगणकाने बनवलेले. आपले तीन महिने म्हणजे त्यांचं एक वर्ष. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी ते भरात असतात, तिशीनंतर उतरतात.

तीन गोष्टी रोज करा. पाच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, पाळीने वापरा, एकदा खेळला की चार दिवस विश्रांती. जो बाद न होता सारखा बेसवर पोचतो त्याला बॅटिंगला सगळ्यात आधी पाठवा, मोठे फटके मारणाऱ्याला त्याच्या मागे. आणि कुणी अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला तर त्याच दिवशी हो म्हणू नका. तुमच्याकडे काय जास्त आहे आणि समोरच्याला कशाची निकड आहे, हे आधी बघा. अदलाबदलीची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. त्यानंतर संघ आहे तसा राहतो.

रेन्सला विश्रांती दिलीत ते अगदी बरोबर केलंत.

शिवशंकर


तांडा
९ ऑगस्ट २०२५

शिवशंकर भाऊ,

आपला संघ बारापैकी सातवा होता, आता पाचवा हाय. आणि मी पहिली अदलाबदल केली.

डेल नावाचा फटकेवाला हाय ना, तेहेतीस वर्षांचा. किसनरावांचा फटकेवाला जखमी झाला आणि ते दुसऱ्या नंबरावर हायेत. तुमी सांगितल्यासारखं मी थांबले. पहिल्यांदा त्यांनी एक पोरगं देऊ केलं, बाविशीचं. मी उत्तरच दिलं न्हाई. चौथ्या दिवशी दोन पोरं देतो म्हणले, त्यातला एक पिचर. मग हो म्हणलं.

हे माझं डोकं न्हाई. सासरे भीमसिंग यांना विचारलं होतं. त्यांनी जन्मभर बैलांचे बाजार केले. मोबाईलमधला खेळ त्यांना कळत न्हाई, पण वय आणि काम सांगितलं की कळतं. ते म्हणले, "उतारावरचा बैल इकायचा तर पेरणीच्या तोंडावर इकावा. काम सरल्यावर त्याला कोन इचारतं?" सुदाम गेल्यापासून ते घरात बोलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी डेलचे दात कसे हायेत म्हणून विचारलं. सासूबाई पदराआड हसल्या.

एक विचारायचं होतं. वहीत प्रत्येक संघाचं एक पान हाय. कोण घाईचा, कोण हट्टी, कोण जखम लपवतो, सगळं लिहिलंय. तुमच्या नागनाथ संघाच्या पानावर फक्त एक ओळ हाय. "शिवशंकरशी अदलाबदल नाही. कधीच नाही." खाली दोन रेघा मारल्यात. असं काहून?

संगिता


नांदेड
११ ऑगस्ट २०२५

संगितावहिनी,

किसनरावांकडून दोन तरुण काढणं सोपं नाही. चार दिवस गप्प राहिलात हेच मोठं काम. नवशिक्याला ते जमत नाही. माझ्याकडून भीमसिंगबाबांना नमस्कार सांगा.

त्या ओळीचं काही विशेष नाही. दुसऱ्या हंगामात मी सुदामला एक पिचर दिला होता, आणि तो आठवड्यात जखमी झाला. मला ते आधी माहीत होतं असं त्याला वाटलं. खेळात होतं असं. तेव्हापासून तो माझ्याशी व्यवहार करत नसे.

आता पाचवरून चौथ्यावर यायचं तर एक चांगला पिचर हवा. चार संघ बाद फेरीत जातात.

शिवशंकर


तांडा
१३ ऑगस्ट २०२५

शिवशंकर भाऊ,

लीगच्या पानावर आजवरच्या सगळ्या अदलाबदलींची नोंद हाय. मी पहिल्या हंगामापासून बघितली. अंगणवाडीला सुट्टी होती, दिवसभर तेच केलं. एकशे अठरा नोंदी हायेत. त्यात कयाधू आणि नागनाथ यांची एक पण न्हाई. दुसऱ्या हंगामात न्हाई आणि पुढं पण न्हाई.

तुमाला कधी वाईट वाटंल असं मी बोलले का? न्हाई ना. मग खोटं काहून लिहिलं?

संगिता


नांदेड
२० ऑगस्ट २०२५

संगितावहिनी,

माझ्या आठवणीत घोळ झाला असेल. सोडून द्या.

मी एक प्रस्ताव पाठवला आहे, तो बघा. माझा केस्टर तुम्हाला, तुमचा रेन्स मला. केस्टर चोवीस वर्षांचा आहे, लीगमधला सगळ्यात चांगला पिचर. पुढचे आठ हंगाम तो तुमचा संघ ओढेल. रेन्सचं वय बत्तीस आहे, तो पुढच्या वर्षी संपेल, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त 'मंजूर' दाबा. सुदामच्या संघासाठी माझ्याकडून एवढं तरी व्हावं. कारण विचारू नका.

शिवशंकर


तांडा
२४ ऑगस्ट २०२५

शिवशंकर भाऊ,

मी 'नामंजूर' दाबलं.

किसनरावांचा फोन आला होता. प्रस्ताव सगळ्यांना दिसतो ना. ते म्हणले, "बाई, असला सौदा लीगच्या आम्हा पंचांसमोर आला तर मी विरोधात मत देणार. दुसऱ्या कुणी केला असता तर शिवशंकरनं स्वतःच मोडला असता." त्यांचं खरं हाय. एवढा उलटा सौदा मंजूर झाला तर बाकीच्या दहा जणांनी हंगाम खेळायचा कशाला? मी विधवा हाय म्हणून लीगनं मला पिचर दिला असं झालं तर आता आलेला चौथा नंबर पण आमचा राहत न्हाई.

सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी दोघांची वयं परत विचारून घेतली. मग म्हणले, "भर बाजारात कुनी जवान बैल म्हाताऱ्याच्या बदल्यात देऊन राहिला, तर बैल बघू ने. मालकाकडं बघावं."

म्हणून तुमाला विचारते. सुदामचं आणि तुमचं काय झालं होतं? सांगणार नसाल तर तसं सांगा, मी संघ सोडते. तुमच्या दयेवर त्यांचा संघ चालवायचा न्हाई मला.

संगिता


नांदेड
३० ऑगस्ट २०२५

संगितावहिनी,

हे पत्र मी चार वेळा लिहून पुसलं.

२०११ साली एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघात आपल्या विभागातून एकच पिचर जाणार होता. शिबिराच्या शेवटी सरांनी यादी लावली. सुदामचं नाव वर होतं, माझं राखीवमध्ये. तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागू शकते. माझे वडील रोज विचारायचे.

मी निवड समितीला एक निनावी पत्र टाकलं. सुदाम राठोडचं वय चोरलेलं आहे, तो १९९१ सालचा आहे, शाळेत त्याच्या आईने खोटी तारीख सांगितली, असं लिहिलं. डाव्या हाताने लिहिलं. तो त्र्याण्णवचाच होता. शिबिरात आम्ही एका खोलीत होतो, त्याने जन्माची सगळी गोष्ट फक्त मला सांगितली होती. म्हणूनच कुठे बोट ठेवायचं ते मला कळलं. तांड्यावर घरी जन्मलेला, दवाखान्याचा दाखला नाही. शाळेने चौकशी केली, काय निघालं ते मला कळलं नाही. दोन दिवसांत यादी बदलली. मी गेलो. आमच्या संघाचा तिसरा क्रमांक आला. चार वर्षांनी त्या कागदावर मी नोकरीला लागलो, आजही तिथेच आहे.

त्याला कळलं असेल असं मला कधी वाटलं नाही. लीग काढली तेव्हा मीच त्याला बोलावलं. तो आला, तेव्हा मनावरचं ओझं उतरलं. वहीतली ओळ तुम्ही कळवलीत त्या दिवशी समजलं की त्याला सगळं माहीत होतं.

केस्टर देऊन काही फिटणार नाही, हे मलाही कळतं. हे पत्र आता तुमच्याकडे आहे. त्याचा काय अर्थ होतो ते मला ठाऊक आहे, तरी पाठवतो.

शिवशंकर


तांडा
३ सप्टेंबर २०२५

शिवशंकर,

'भाऊ' लिहायला हात वळत न्हाई, माफ करा.

तुमचा नागनाथ संघ हरवायला कधी सोपा न्हाई. पण ज्या दिवशी कयाधू त्याच्यावर जिंकायची त्या दिवशी सुदाम एक भाकरी जास्त खायचे आणि मला सांगायचे न्हाईत काहून ते. आता कळलं. समोर उभं राहून हरवायला त्यांची ना नव्हती. तुमच्या हातातून काही घ्यायचं नव्हतं त्यांना.

शाळेच्या चौकशीत काय निघालं ते तुमाला कळलं न्हाई म्हणता. मी सांगते.

माझ्या सासूबाई, अनुसयाबाई, यांना शाळेत बोलावलं होतं. सुदाम किल्लारीच्या भूकंपानंतर आठ दिवसांनी झाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जमीन हलली तेव्हा त्या पोटुशा होत्या, अंगणात येऊन बसल्या होत्या. तसंच त्यांनी नाव घालताना सांगितलं होतं. पण त्या दिवशी चार सर समोर बसले. भूकंप कोणत्या साली झाला? आधी की नंतर? नक्की का? खोटं बोललात तर पोराला शिक्षा व्हईल. परत परत तेच. शेवटी त्या म्हणल्या, "तुमी म्हणता तर आधी असंल साहेब." सरांनी तेवढंच लिहून घेतलं.

चौदा वर्षं झाली. माझ्या तोंडानं माझ्या पोराचं नशीब मोडलं, असं त्या आजपण म्हणतात. सुदाम जीप चालवायला लागले तेव्हा म्हणायच्या. ते गेले त्या दिवशी पण म्हणल्या. बाया रडत होत्या आणि त्या मला सांगत होत्या, मी तारीख चुकवली.

मला तुमचा पिचर नको. तुमी तांड्यावर या आणि त्यांच्यासमोर बसून त्यांना सांगा. पत्राचं काय करायचं ते मग बघू.

संगिता


नांदेड
२६ सप्टेंबर २०२५

संगितावहिनी,

उत्तराला उशीर झाला. दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो. एकदा हिंगोलीपर्यंत आलो होतो.

लीगच्या प्रमुखपदाचं काम किसनरावांकडे दिलं आहे. घरचं कारण सांगितलं. तुमचा संघ साखळीत चौथा आला, तोही तुमच्या स्वतःच्या पोरांवर. अभिनंदन करण्याचा मला हक्क नाही.

एक विचारू? तुम्हीच वाचून दाखवलंत तर चालणार नाही का? म्हातारीला एकदम माझ्याकडून ऐकून धक्का बसेल.

शिवशंकर


तांडा
२७ सप्टेंबर २०२५

न्हाई. त्यांना धक्का चौदा वर्षांआधी बसला. तुमी या.

संगिता


तांडा
१४ ऑक्टोबर २०२५

शिवशंकर,

रविवारी तुमी आलात. सुदामचा सोबती आला म्हणून सासूबाईंनी सोयाबीनचं काम सोडून भाकरी टाकल्या. तुमाला दोनदा "पोटभर खा लेकरा" म्हणल्या. तुमी दीड तास बाजेवर बसलात. सुदामचा हात चांगला होता, एवढं बोललात. मी वाट बघत होते. मग तुमी उठलात. रस्त्यापर्यंत मी मागं आले तर म्हणलात, "वहिनी, नाही जमत."

मला तुमचा राग आला, पण त्यापेक्षा सासूबाईंकडं परत जायची भीती वाटली.

तुमची गाडी वळल्यावर मी त्यांना अंगणातच बसवलं आणि तुमचं ३० ऑगस्टचं पत्र वाचलं. सासरे होते. डाव्या हाताचं आलं तेव्हा ते उठून गोठ्याकडं गेले ते दिवस मावळेपर्यंत आले न्हाईत. सासूबाई हलल्या न्हाईत. संपल्यावर म्हणल्या, "तारखेचं परत वाच." मी वाचलं.

"म्हंजे त्र्याण्णवच."

"व्हय."

"भुईकंपाच्या मागूनच."

"व्हय, आई. तुमचं बराबर होतं."

त्या रडल्या न्हाईत. त्यांनी विचारलं, "सुदामाला ठावं व्हतं?" मी हो म्हणलं. "मग माय रोज सोताला बोल लावून राहिली हे त्याला दिसत नव्हतं का? मला काहून न्हाई सांगितलं त्यानं?"  नवऱ्यावर रागावता येतं हे मला त्या दिवशी कळलं, ते गेल्यावर. तुमी घरात येऊन काय मोडून गेलात ते तुमाला कळावं म्हणून हे पण लिहिलं.

सोमवारी सकाळी त्या आंघोळ करून तयार बसल्या होत्या. म्हणल्या, शाळेत चल. सेनगावला गेलो. आता नवे मुख्याध्यापक हायेत. जुनं रजिस्टर काढायला अर्ज लागतो म्हणले, मी लिहिला. मधल्या सुट्टीनंतर शिपायानं रजिस्टर आणलं. राठोड सुदाम भीमसिंग, आठ ऑक्टोबर एकोणीसशे त्र्याण्णव. त्यांना वाचता येत न्हाई. बोट ठेवून त्यांनी मुख्याध्यापकांना तीनदा वाचायला लावलं.

तारखेपुढं लाल शाईत लिहिलेलं होतं. "जन्मतारीख संशयास्पद. आईच्या जबाबात विसंगती." ते काय हाय म्हणून त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी हळू आवाजात सांगितलं.

"हे खोडा," त्या म्हणल्या.

"आजी, मला अधिकार नाही. वरून आदेश लागतो. आणि आता ते नाहीत, तर उपयोग तरी काय?"

"आदेश कसा येतो?"

"तक्रार खोटी होती असा पुरावा जोडला तर येईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी त्यांना बाहेर ओट्यावर नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. हे पत्र दिलं तर त्या माणसाची नोकरी जाऊ शकते, पोलिसाचं काम पण लागू शकतं, त्याला बायको-लेकरं असतील. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणल्या, "मी त्याचं काय बी मागून न्हाई राहिले. माझ्या नावापुढचं लाल तेवढं काढायला सांगून राहिले. त्याला रविवारी तोंड व्हतं, त्यानं उघडलं न्हाई."

म्हणून अर्ज दिला, तुमच्या पत्राची प्रत जोडून. तुमाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आज लिहिते. कयाधू संघ मी पुढच्या हंगामात पण चालवणार हाय, किसनरावांना कळवलंय. तुमी नागनाथ चालवा की सोडा.

अर्जात एक रकाना असतो, दुरुस्तीचं कारण. मी विचारलं, काय लिहू. मुख्याध्यापक म्हणले, "लिहा, तक्रार निराधार." मी पेन टेकवला तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"तसं नको," त्या म्हणल्या. "लिही, मायला बराबर ध्यानात व्हतं."

मी तसंच लिहिलं. खाली त्यांचा अंगठा हाय.

संगिता